उपासनेतून देवाची ओळख वगळू नका: नाशिकमधील आमच्या मंडळीच्या कार्यकारी समितीस खुले पत्र

प्रति,
आदरणीय पाळकसाहेब, सचिव आणि कार्यकारी समितीचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

ईस्टरनंतरच्या रविवारी सूचना वाचून दाखवताना आपण जे दोन निर्णय मंडळीला कळवले, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. पहिला निर्णय असा की, उपासना लांबते या कारणाने रविवारच्या मराठी उपासनेतून नायसीन मतांगीकार, म्हणजे आपण कोणत्या देवावर विश्वास ठेवतो हे सर्वांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली, वगळण्यात येत आहे. दुसरा असा की, दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुले आपली श्रद्धा स्वतः कबूल करतात त्या विधीच्या, तयारीच्या वर्गातले देवाच्या स्वरूपावरचे पाठ यापुढे होणार नाहीत. त्यांच्या जागी व्यक्तिमत्त्व विकास आणि करिअर मार्गदर्शनाची सत्रे होतील, आणि त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे या शिकवणीबद्दल, मुलांना जे काही सांगायचे ते एका चार पानी पत्रकातून सांगितले जाईल. या दोन्ही गोष्टींबद्दल मी समितीला रीतसर पत्र दिले होते. त्याचे लेखी उत्तर आले नाही. तोंडी उत्तर मिळाले ते असे: देवशास्त्र शिकायला सेमिनरी आहेत, मंडळीला रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल ते द्यायला हवे.

या उत्तराशी माझे भांडण आहे आणि ते उघडपणे मांडण्याला कारण आहे. हा विचार आता आपल्या एकट्या मंडळीचा राहिलेला नाही. इतर मंडळ्यांतले शिक्षक भेटतात तेव्हा त्यांच्याकडूनही थोड्याफार फरकाने हेच ऐकू येते. शिवाय आपण कोणत्या देवापुढे गुडघे टेकतो, हा प्रश्न समितीच्या इतिवृत्तात एका ठरावाने मिटवून टाकण्याजोगा नाही. हे पत्र ख्रिस्ती नसलेल्यांच्याही वाचनात येईल, म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सविस्तर लिहिते आहे. त्याचा राग मानू नये.

मी गेली अनेक वर्षे दृढीकरणाचा वर्ग घेते. माझ्याकडे येणारी मुले तेरा ते सोळा वयाची असतात. कोणाचे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, कोणाचे सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात, कोणाची आई परिचारिका. ही मुले देवाविषयीचे प्रश्न सेमिनरीतून आणत नाहीत. ती शाळेच्या मधल्या सुट्टीतून आणतात. तीस किलोमीटरच्या आत त्र्यंबकेश्वर आहे, तिथल्या ज्योतिर्लिंगात ब्रह्मा, विष्णू आणि महेश या तिघांचे अधिष्ठान मानले जाते, आणि वर्गातला मित्र अगदी आपुलकीने विचारतो, "तुमचेपण तीनच ना?" मुसलमान मैत्रीण विचारते की, देव एक आहे म्हणता, मग त्याला मुलगा कसा? पांडवलेणी सहलीला पाहून आलेला बौद्ध मुलगा विचारतो की, देव मानायचाच कशाला? हे प्रश्न चेष्टेचे नसतात. नाशिकमध्ये वाढणाऱ्या मुलापुढे देवाचा प्रश्न वयाच्या बाराव्या वर्षी उभा राहतो, आणि सिंहस्थ जवळ आला की तो घराघरांत, रिक्षात, दुकानात बोलला जातो. अशा शहरात आपल्या मुलांनी काय उत्तर द्यावे? मतांगीकार काढून टाकल्यावर त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर "हो, तीनच" असे म्हणून मोकळे व्हायचे, नाही तर "सगळे एकच आहे, जाऊ दे" म्हणून विषय बदलायचा. पहिले उत्तर आपल्या श्रद्धेला धरून नाही, आणि दुसऱ्याने ना आपल्या श्रद्धेचा मान राहतो ना त्या मित्राच्या.

ख्रिस्ती श्रद्धा देव एकच आहे इथून सुरू होते. "हे इस्राएला, श्रवण कर" या, बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या, घोषणेत येशू स्वतः वाढला, आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले तेव्हा त्याने तीच म्हणून दाखवली. त्याचे पहिले शिष्य यहुदी होते. एका देवाखेरीज कोणापुढे नमन करणे त्यांच्या दृष्टीने महापाप होते. तरीही पुनरुत्थानानंतर याच माणसांनी येशूला "माझ्या प्रभो, माझ्या देवा" अशी हाक मारली, आणि तसे करताना आपण दुसरा देव मानतो आहोत असे त्यांना वाटले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने द्यायला सांगितला आहे, आणि तिथे तिघांसाठी नाव एकच आहे. प्रत्येक उपासनेच्या अखेरीस पाळकसाहेब हात उंचावून जो आशीर्वाद देतात, त्यात प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता एकत्र येते. तो पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट आहे, म्हणजे ज्या परिषदेतून हा मतांगीकार आला त्या नायसियाच्या परिषदेच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षे आधीचा. त्रैक्याची शिकवण विद्वानांनी बसून रचली असे ज्यांना वाटते, त्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी माणसे अशी प्रार्थना करू लागली. आपण जी प्रार्थना करतो तिचा अर्थ काय, हे ठरवण्याची वेळ त्यानंतर आली.

ती वेळ आणली अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याने. तो काही दुष्ट माणूस नव्हता; देवाचे एकत्व जपावे हीच त्याची कळकळ होती. पुत्र हा सर्व निर्मितीत श्रेष्ठ, पण अखेर निर्माण केलेला, आणि तो नव्हता अशी एक वेळ होती, असे तो शिकवत असे. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, म्हणजे तेव्हाच्या नायसियात, बिशपांची परिषद भरवली आणि तिने आरियसचे म्हणणे नाकारले. पुत्र हा प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव, पित्याशी एकतत्त्व आहे, असे तिने लिहून ठेवले. पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर आजच्या रूपात आला. मागील वर्षी, २०२५ मध्ये, नायसियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली आणि जगभरच्या मंडळ्यांनी त्याचे स्मरण केले. आपण त्यानंतरच्या पहिल्याच ईस्टरला तो मतांगीकार काढून टाकला. हा योगायोग असेल, पण तो मला फार बोचला.

समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला सांगितले की, हा तर सम्राटाने लादलेला मतांगीकार आहे, आपण त्याचे ओझे कशाला वाहायचे? इतिहास याच्या नेमका उलट आहे. परिषद सम्राटाने भरवली हे खरे. पण त्याच कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ मध्ये आरियसच्या बाजूला झुकलेल्या बिशपाच्या हातून झाला, आणि पुढे त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस याने आपले सगळे राजबळ आरियसवाद्यांच्या पाठीशी उभे केले. नायसियाची बाजू लावून धरणारा बिशप अथनेशियस याला त्याच्या अलेक्झांड्रियातून पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. राजसत्तेला सोयीचा असा देव कोणता, याचा विचार केला तर हे सहज कळते. वर एक सर्वोच्च, खाली त्याचा दुय्यम, त्याच्या खाली इतर, ही उतरंड सिंहासनाला आवडणारच. देवाच्या ठायी उतरंड नाही, आणि दासाचे रूप घेऊन वधस्तंभावर गेलेला हा काही देवाचा कनिष्ठ नोकर नव्हता, असे म्हणणे कोणत्याही सम्राटाला मानवणारे नव्हते.

या शहरातल्या आपल्या लोकांना तर हे कोणी समजावून सांगायची गरज पडू नये. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा देवाच्या जवळ कोणी जायचे आणि कोणी जायचे नाही हाच प्रश्न रस्त्यावर आला होता. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या मिशनवस्तीत शिकत होती. आज शरणपूर रोडने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. देवाने दासाचे रूप घेतले हे फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले वाक्य ज्याच्या पायात खरोखर बेडी होती त्याने ऐकले असेल, तेव्हा ते त्याला निरुपयोगी देवशास्त्र वाटले असेल का?

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार पत्रकाची. त्यात त्रैक्य समजावण्यासाठी पाणी, बर्फ आणि वाफ यांचे चित्र छापले आहे: पदार्थ एक, रूपे तीन. चित्र सुबक आहे आणि छपाईही चांगली आहे. परंतु हीच शिकवण तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेल्लियसच्या नावाने ओळखली गेली आणि मंडळीने ती नाकारली, कारण तिच्यात पिता, पुत्र आणि आत्मा हे एकाच देवाने वेळोवेळी घेतलेले वेष ठरतात. जे पाणी बर्फ झाले ते त्याच वेळी वाफ नसते. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीवर मात्र पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी आकाशातून ऐकू येते आहे, तिन्ही एकाच वेळी. हे पत्रक वाचून आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले की, मग गेथशेमाने बागेत येशू रात्रभर कोणाशी बोलत होता, स्वतःशीच? तेरा वर्षांच्या मुलीला जे दिसले ते पत्रक तपासणाऱ्या कोणालाच दिसू नये, याचे मला नवल वाटते. "पिता"च जर पुत्राचा वेष घेऊन आला असेल, तर येशूची प्रत्येक प्रार्थना नाटक ठरते, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही वधस्तंभावरची आरोळी तर क्रूर नाटक.

उलट टोकाची चूकही टाळावी लागते. तिघे म्हणजे तीन देव, एकाने निर्माण करायचे, दुसऱ्याने तारायचे, तिसऱ्याने सांभाळायचे, अशी कामांची वाटणी ख्रिस्ती श्रद्धेत नाही. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने नेमके हेच मांडले की, देवाची प्रत्येक कृती पित्यापासून निघते, पुत्राद्वारे होते आणि आत्म्यात पूर्ण होते. कृती एक आहे म्हणून आपण तीन देव म्हणत नाही. त्र्यंबकच्या वाटेवर राहणाऱ्या मुलाला, मित्राच्या श्रद्धेचा अनादर न करता, आपले वेगळेपण सांगायला हे एवढे पुरते. मुसलमान मैत्रिणीला द्यायचे उत्तरही मतांगीकारातच आहे: पुत्र हा देवाला एखाद्या दिवशी झालेले अपत्य नव्हे, शरीराने जन्म देण्याची कल्पना आम्हीही नाकारतो, सर्व युगांच्या आधी, प्रकाशापासून प्रकाश यावा तसा तो पित्यापासून आहे. त्या मैत्रिणीला हे पटेल असे मी म्हणत नाही. पण तिचा प्रश्न गंभीर होता, आणि तिला गंभीर उत्तर मिळाले एवढे तरी होईल.

दुसरी तक्रार वेळेच्या सबबीची. मतांगीकार म्हणायला जेमतेम दोन मिनिटे लागतात. सूचना, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, पंख्यांच्या देणगीदारांचे आभार आणि सहलीच्या बसचे भाडे यांना किती वेळ लागतो, हे समितीतले कोणीही एका रविवारी घड्याळ लावून पाहावे. यापेक्षा जास्त या मुद्द्यावर लिहिण्यासारखे नाही.

तिसरी तक्रार मोठी आहे, आणि इथे माझा स्वतःचा संबंध येतो. देवाच्या स्वरूपाविषयी शिकवायचे थांबवले म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. तिथे लगेच दुसरा देव येऊन बसतो. आपल्या व्यासपीठावरून अलीकडे ज्या देवाविषयी ऐकू येते तो विश्वासाच्या प्रमाणात देणारा देव आहे: नोकरी, फ्लॅट, व्हिसा, बरे होणे. मिळाले तर साक्ष द्यायची, मिळाले नाही तर विश्वास कमी पडला. माझा धाकटा भाऊ या शहरातल्या एका रुग्णालयात कर्करोगाने आजारी असताना प्रार्थनेसाठी आलेल्या गटातल्या एका व्यक्तीने त्याच्या उशाशी उभे राहून सांगितले की, मनात कुठेतरी शंका आहे म्हणून चमत्कार अडला आहे. त्या व्यक्तीचे नाव मी घेणार नाही; तिला जे शिकवले गेले तेच ती बोलली. पण त्या रात्री वेदनेपेक्षा त्या वाक्याने माझा भाऊ जागा राहिला. आपले नेमके काय चुकले, हे तो मला शेवटपर्यंत विचारत होता.

आपल्याच पवित्र शास्त्रात ईयोबाच्या पुस्तकात दुःखात आणि आजारात सापडलेल्या ईयोबाजवळ असेच मित्र येऊन बसतात. तेही प्रार्थना करणारे, देवाची बाजू घेणारे आहेत. त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो, आणि रागाचे कारण असे सांगतो की, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. म्हणजे देवाविषयी चुकीचे बोलल्याने आजारी माणसाला इजा होते, हे शास्त्राला माहीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हे कोणाच्या पापामुळे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने ते गणितच मोडीत काढले. त्या रात्री भावाजवळ बसून मी त्याला काय सांगितले असेल? मतांगीकारात आहे तेच. आपल्यासाठी खिळला गेलेला, दुःख सोसलेला, पुरलेला तो खरा देवच आहे. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने तर स्पष्टच म्हटले की, देहाने वधस्तंभावर खिळला गेलेला प्रभू येशू ख्रिस्त हा पवित्र त्रैक्यातला एक आहे. देव वरून आपल्या विश्वासाची टक्केवारी मोजत बसलेला नाही. आणि प्रार्थना करण्याचेही बळ उरले नाही, तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे आपण थकलो तरी आपल्या आत प्रार्थना चालूच असते. देवशास्त्र रोजच्या जगण्यात उपयोगी पडत नाही, असे ज्यांनी मला सांगितले त्यांना मी विचारते की, त्या खोलीत करिअर मार्गदर्शन उपयोगी पडले असते का?

"देव प्रीती आहे" हे योहानाचे वाक्य आपण ख्रिसमसच्या फलकावर दरवर्षी लिहितो. त्रैक्य सोडले तर त्या वाक्याचे काय होते, याचा विचार समितीने करावा. देव एकटा, एकाकी असेल, तर जग निर्माण होण्याआधी त्याने कोणावर प्रीती केली? मग प्रीती करण्यासाठी त्याला आपली गरज पडली असे म्हणावे लागते, आणि ज्याला आपली गरज आहे त्याच्याशी देवघेव सुरू होते: मी इतके देतो, तू इतके दे. प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने प्रीती करणारा, ज्याच्यावर प्रीती केली जाते तो आणि प्रीती या तिन्हींचा विचार मांडला. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातल्या रिचर्डने तो पुढे नेला. पिता पुत्रावर अनादिकाळापासून प्रीती करतो, आत्म्याच्या ठायी ती प्रीती परिपूर्ण आहे, आणि त्या भरून वाहणाऱ्या प्रीतीतून जग झाले. आपण झालो नसतो तरी देव प्रीतीच असता. म्हणूनच ती प्रीती आपल्याला कमवावी लागत नाही आणि गमावताही येत नाही. दहावीत कमी गुण मिळाल्यावर घरी जायला घाबरणाऱ्या मुलाला मी हे समजावले आहे, आणि त्याला ते कळले आहे. अवघड आहे म्हणून मुलांना शिकवू नये, असे म्हणणाऱ्यांनी त्याच मुलांच्या रसायनशास्त्राच्या क्लासचे वेळापत्रक एकदा पाहावे.

याच पाठांत मुली आणखी एक प्रश्न विचारतात: देव पुरुष आहे का? तो प्रश्न विचारायलाही आता जागा राहिलेली नाही. पिता हे नाव येशूने दिले म्हणून आपण ते घेतो. पण देवाला देह नाही, त्यामुळे तो पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात देव म्हणतो की, आई जसे सांत्वन करते तसे मी तुमचे सांत्वन करीन. आपल्या मराठी ख्रिस्ती अभंगांत ख्रिस्ताला माउली म्हटले गेले ते याच ओढीतून. ज्या मुलीच्या घरी बाप दारू पिऊन मारतो, तिला "देव पिता आहे" एवढेच सांगून चालत नाही. तो कसा पिता आहे, हे तिला पुत्राकडे पाहून कळले पाहिजे. "ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे" हे वाक्य त्यासाठी आहे. अशा मुली आपल्या मंडळीत आहेत, आणि चार पानी पत्रक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

चौथी तक्रार निर्णयाच्या पद्धतीची. सर्वसाधारण सभेपुढे हा विषय आला नाही. वर्ग घेणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही कोणी विचारले नाही. पडद्यावरची अक्षरे ज्यांना दिसत नाहीत अशा म्हाताऱ्या बायांना मतांगीकार तोंडपाठ आहे. उपासनेतला तेवढा भाग त्या कोणाच्या आधाराशिवाय म्हणू शकत होत्या. शिवाय हा मतांगीकार आपल्या एकट्याचा नाही. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला लोटणारे कॅथलिक तो म्हणतात, शहरातली मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबे त्यांच्या भाषेत तो म्हणतात. आत्मा पित्यापासून निघतो की पित्यापासून आणि पुत्रापासून, या एका मुद्द्यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांचे शतकानुशतके जमलेले नाही, आणि १०५४ च्या दुहीमागच्या कारणांत तेही एक होते. ते भांडण मिटायला हवे. तरीही जे लोक देवाविषयीच्या अशा मुद्द्यावर भांडत होते, त्यांना देव महत्त्वाचा वाटत होता. आपण मात्र न भांडताच सगळे सोडून दिले.

आता मागण्या. त्या साध्या आहेत.

पाणी, बर्फ आणि वाफेचे पत्रक मागे घ्यावे आणि उरलेल्या प्रती वाटू नयेत. प्रभूभोजनाच्या प्रत्येक रविवारी आणि नाताळ, ईस्टर, पेन्टेकॉस्ट व त्रैक्य रविवारी नायसीन मतांगीकार म्हटला जावा. इतर रविवारी त्याहून लहान असलेला प्रेषितांचा मतांगीकार पुरेसा आहे, याला माझी हरकत नाही. दृढीकरणाच्या वर्गात देवाचे एकत्व, पुत्राचे देहधारण व वधस्तंभ, पवित्र आत्मा, आणि प्रार्थना या विषयांवरचे पाठ पूर्ववत सुरू करावेत. मुलांच्या प्रश्नांसाठी वेगळा वेळ ठेवावा आणि त्या वेळी पाळकसाहेबांनी स्वतः हजर राहावे. करिअर मार्गदर्शनाला माझा विरोध नाही. ते रविवारी दुपारी ठेवा, खुर्च्या मांडायला मी येईन.

रुग्णांना भेटायला जाणाऱ्या प्रत्येक गटाला, जाण्यापूर्वी, ईयोबाचे पुस्तक आणि योहानाचा नववा अध्याय शिकवला जावा. आजार बरा न होण्याचे कारण रुग्णाच्या विश्वासात शोधणारे एकही वाक्य मंडळीच्या नावाने कोणी उच्चारणार नाही, अशी लेखी सूचना समितीने काढावी. सर्व मागण्यांत मला ही सर्वांत निकडीची वाटते; बाकीच्या मागण्यांना वेळ लागला तरी हिला लागू नये.

हे दोन्ही निर्णय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत, आणि तोपर्यंत त्यांची अंमलबजावणी थांबवावी. सभेचा कौल माझ्या विरुद्ध गेला तर मी तो मान्य करीन, मात्र ज्या वर्गात देवाविषयी शिकवायचे नाही तो वर्ग घेण्यासाठी समितीला दुसरी शिक्षिका पाहावी लागेल.

त्रैक्य रविवार जवळ आला आहे. त्या दिवशीच्या उपासनेचा क्रम छापायला जाण्यापूर्वी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
दृढीकरण वर्गाची एक शिक्षिका
नाशिक